‘शांत’ म्हणजे मागच्या बाजूला

गेले आठ महिने मी रोज रात्री झोपण्याआधी एकाच प्रकारचं लेखन वाचतोय. ती कथा नाही, कविता नाही, लेखकाचं नाव तर कधीच नसतं. एकेक मजकूर जेमतेम शंभर शब्दांचा. नायक एकच, खोली. शेवटही ठरलेला: भेटीची वेळ घ्या. न्यूयॉर्कमधल्या घरविक्रीच्या जाहिराती. सुरुवात गरजेपोटी झाली, मला घर घ्यायचं होतं. पण एकाच जातीचा मजकूर दोनशे वेळा वाचला की तो हळूहळू आपले सांधे दाखवायला लागतो. कुठे विशेषण आलं आणि का आलं, काय सांगायचं टाळलं, हे दिसायला लागतं. आपण कवितासंग्रहांची परीक्षणं लिहितो, वेबसिरीजची लिहितो. या लेखनाचं कुणी लिहीत नाही. खरं तर कवितासंग्रह वाचून कुणी तीस वर्षांचं कर्ज काढल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून एकच जाहिरात घेतो. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्स या भागातली आहे. मूळ इंग्रजी, मी मराठीत सांगतो:

‘शांत, उजेडाचा प्रीवॉर स्टुडिओ. झाडांच्या रस्त्यावरची सुस्थितीतली को-ऑप इमारत. उंच छत, मूळची लाकडी जमीन, खिडकी असलेलं स्वयंपाकघर. कपडे धुण्याची सोय तळघरात, सुपर इमारतीतच राहतो. ट्रेन अगदी जवळ. आपली कल्पनाशक्ती घेऊन या आणि मनासारखं घर घडवा. एप्रिलमध्ये खिडकीसमोरचा मॅग्नोलिया फुलतो.’

मराठीत आणताना पहिला अडथळा लगेच येतो. ‘शांत’ हे विशेषण मी आजवर एकाही मराठी घराच्या जाहिरातीत ठळकपणे पाहिलेलं नाही. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या गेटवर कागद लागायचे त्यात असायचं: स्टेशनपासून चालत ७ मिनिटं, २४ तास पाणी, हवेशीर, फक्त फॅमिली. शांतता विकायला काढायची वस्तू आहे हे आमच्या गावी नव्हतं. आम्ही चौघं वन रूम किचनमध्ये. मागे रेल्वे. लोकल गेली की बाबा वाक्य मध्येच थांबवायचे आणि डबे संपले की तिथूनच पुढे बोलायचे. मला वाटायचं जगात सगळे असेच बोलतात.

आता शब्द घेऊ.

‘प्रीवॉर’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रश्न पडला, कुठलं युद्ध? तर दुसरं महायुद्ध. त्याआधीची इमारत म्हणजे जाड भिंती, उंच छत, आणि (हे जाहिरातीत नसतं) जुनं वायरिंग आणि रात्री खडखडणारे वाफेचे रेडिएटर. आपल्याकडे ‘जुनी बिल्डिंग’ म्हटलं की समोरचा लगेच पुनर्विकासाचं विचारतो. इथे इमारतीचं वय सांगताना छाती फुगते.

‘स्टुडिओ’चा प्रवास त्याहून मजेशीर आहे. न्यूयॉर्कमध्ये सहकारी तत्त्वावरच्या निवासी इमारती १८८०च्या दशकात सुरू झाल्या. फिलिप ह्यूबर्ट नावाच्या वास्तुरचनाकाराच्या ‘होम क्लब’ कल्पनेतून ५७व्या रस्त्यावर ‘रेम्ब्रां’ ही इमारत झाली, तिच्यात चित्रकारांसाठी दुमजली उंचीचे स्टुडिओ होते. पुढे चेल्सी हॉटेल म्हणून गाजलेली इमारतसुद्धा १८८४ साली को-ऑप म्हणूनच उभी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट्रल पार्कजवळ, पश्चिम ६७व्या रस्त्यावर चित्रकारांनी एकत्र येऊन अशा इमारती बांधल्या. त्यांच्या खिडक्या प्रचंड मोठ्या आणि उत्तरेकडे, कारण चित्राला सावली न हलवणारा उजेड लागतो. म्हणजे स्टुडिओ आणि को-ऑप ही जोडी जुनी आहे. फक्त शंभर वर्षांत शब्द तोच राहिला आणि खोलीतून चित्रकार गेला, दुमजली छत गेलं, उत्तरेचा उजेड गेला. उरलं काय, तर झोपायच्या खोलीला वेगळी भिंत नसणं. वन आरके म्हणा ना सरळ! पण वन आरके म्हटलं की डोळ्यासमोर चार माणसं येतात आणि स्टुडिओ म्हटलं की एक. किंमत त्या एका माणसाच्या कल्पनेची आहे.

खोली किती चौरस फूट आहे हे जाहिरातीत नाही. ही चूक नव्हे, प्रथा आहे. को-ऑपमध्ये तुम्ही जागा विकत घेतच नाही. इमारत एका कंपनीच्या मालकीची असते, तुम्ही त्या कंपनीचे शेअर घेता आणि त्यांच्यासोबत त्या खोलीत राहण्याचा दीर्घ भाडेकरार मिळतो. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही एकाच वेळी मालकांपैकी एक आणि स्वतःचेच भाडेकरू. शेअर किती ते कागदावर नेमकं असतं, फूट किती ते नसतं. मी टेप घेऊन गेलो होतो. आकडा सांगत नाही, आई वाचेल.

जाहिरातीत सगळ्यात सराईत वाक्य आहे ते कल्पनाशक्तीचं. या साहित्यप्रकाराच्या जुन्या वाचकाला ते वाचताक्षणी कळतं: स्वयंपाकघर कित्येक वर्षांत बदललेलं नाही आणि बहुधा घरातलं माणूस गेलंय. मी बघायला गेलो तेव्हा तसंच निघालं. तिथे एक बाई फार वर्षं एकटी राहत होती. न्हाणीघरात आधाराला धरायचा स्टीलचा दांडा होता. जमिनीवर एका कोपऱ्यात चार खोल खुणा, पलंगाच्या पायांच्या. फ्रीज आतून पुसलेला, पण दारावर एका दवाखान्याचं मॅग्नेट तसंच. माणूस गेल्यावर घरात जे उरतं ते सगळं ‘कल्पनाशक्ती’ या एका शब्दाने झाकलेलं होतं, आणि मला तो शब्द वाईट वाटला नाही. उलट जाहिरात लिहिणाऱ्याकडे दुसरा सभ्य शब्द नव्हता असंच वाटलं. ‘मालकीण वारली, भाचे विकतायत’ असं कुणी लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, पण मी बघायला गेलो असतो का, माहीत नाही.

फोटोंना मात्र माफी नाही. रिकाम्या खोलीत कंप्युटरवर फर्निचर बसवतात, त्याला व्हर्च्युअल स्टेजिंग म्हणतात. मी पोटासाठी कोड लिहितो, ग्राफिक्सचं काम थोडंफार केलंय, त्यामुळे नजर जायची तिथेच जाते. खिडकी उजवीकडे. राखाडी सोफ्याची सावलीही उजवीकडे, म्हणजे खिडकीच्या दिशेने. उजेड ज्या बाजूने येतोय त्याच बाजूला सावली पाडणारा तो सोफा बघून मला काही दिवस झोप लागली नाही. त्यात पलंग असा की त्यावर झोपणाऱ्याचे पाय गुडघ्यापासून कापावे लागतील. लेखनात खोटं बोलायला निदान भाषा यावी लागते. इथे माऊस पुरतो.

जॅक्सन हाइट्सला शब्दांची आणखी एक गंमत आहे. आल्फ्रेड बट्स हा बेकार झालेला वास्तुरचनाकार मंदीच्या काळात इथे राहायचा. त्याने ‘स्क्रॅबल’ हा खेळ तयार केला. कुठल्या अक्षराला किती गुण द्यायचे हे ठरवायला तो वर्तमानपत्राची पानं घेऊन अक्षरं मोजत बसला. जे अक्षर दुर्मीळ त्याला जास्त गुण. आज ३५वी अ‍ॅव्हेन्यू आणि ८१व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर रस्त्याच्या नावाची पाटी आहे, तिच्यावर प्रत्येक अक्षराखाली त्याचे गुण आहेत. मी त्या पाटीखाली उभा राहून जाहिरातीतले शब्द मोजले. ‘क्वाएट’चे १४ गुण होतात. ‘कोझी’चे तब्बल १८. ‘स्मॉल’चे फक्त ७ आणि ‘डार्क’चे ९. बट्सला घरांच्या दलालीतलं काही कळत नसावं, तरी बाजारभाव बरोबर लागलाय. पुढे मी बट्ससारखीच एक छोटी स्क्रिप्ट लिहून जाहिरातींमधले शब्द मोजायचा प्रयत्न केला आणि दोन संध्याकाळी घालवून सोडून दिला. कुठला शब्द किती वेळा येतो ते स्क्रिप्ट सांगते. तो कशाच्या जागी आलाय हे तिला कळत नाही, ते कळायला तिथे चालत जावं लागतं.

तर मी चालत गेलो. ७ नंबरची ट्रेन ७४व्या रस्त्यावर उतरवते. ट्रेन जमिनीखाली नाही, रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूच्या डोक्यावर लोखंडी खांबांवरून धावते. खाली उभं राहून बोलणाऱ्या माणसांचं वाक्य मध्येच थांबतं, गाडी गेली की पुढे सुरू होतं. मी तिथे उभा राहिलो आणि एक क्षण बाबांची आठवण येऊन हसलो. ७४व्या रस्त्यावर साड्यांची दुकानं, सोन्याची दुकानं, पटेल ब्रदर्सच्या दारात कढीपत्ता आणि तोंडल्यांचे ढीग. आणि तिथून चालत दहा मिनिटांवर ती ‘झाडांच्या रस्त्यावरची’ इमारत. खरंच झाडं आहेत. खरंच आवाज कमी आहे.

दलाल म्हणाला, शांत, कारण फ्लॅट मागच्या बाजूला आहे. इथल्या जाहिरातींत ‘शांत’चा हा कोशातला पहिला अर्थ आहे. रस्त्याकडे खिडकी असेल तर जाहिरात ‘उजेडाचा’ म्हणते, मागे असेल तर ‘शांत’. या जाहिरातीत दोन्ही होतं म्हणून मी गेलो. मागे दोन इमारतींच्या मधोमध बाग होती आणि मॅग्नोलियाही होता. फुलांचा मोसम नव्हता, नुसत्या फांद्या. खिडकी उघडली. मिनिटभर खरोखर काही ऐकू आलं नाही. मग विमान आलं. लाग्वार्डिया विमानतळ जवळच आहे. विमान इतकं खाली होतं की पोटावरची दारं दिसत होती. दलाल विमान जाईपर्यंत खिडकीच्या कडीशी खेळत राहिला.

मला वाटलं, हे तर सरळ खोटं झालं. मग घरी येऊन तारखा पाहिल्या. या भागातल्या बागेभोवतीच्या इमारती मुख्यतः १९१० ते १९२०च्या दशकातल्या. विमानतळ सुरू झाला १९३९ साली. म्हणजे इमारत बांधली तेव्हा ‘शांत’ हा शब्द खरा होता, तो तसाच पुढे वापरात राहिला. जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत जुनी प्रस्तावना छापतात तसा.

हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ (१९५४) पुन्हा पाहिला, कारण मागच्या खिडकीवर त्याहून मोठं भाष्य मला ठाऊक नाही. ग्रीनिच व्हिलेजमधला मागचा चौक, जो खरं तर हॉलिवूडच्या स्टुडिओत उभारलेला सेट होता. पाय मोडून खुर्चीत अडकलेला छायाचित्रकार, उकाडा, म्हणून सगळ्यांच्या खिडक्या उघड्या. हा सिनेमा पाहणं म्हणून लक्षात राहतो, पण यावेळी मी कान देऊन पाहिला. पियानोवर अडखळत रचलं जाणारं गाणं, कुणाचा रेडिओ, लांबून येणारा शहराचा गोंगाट. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, जे आहे ते कुणाच्या तरी घरातून येतं. मागची बाजू शांत असते ती रस्त्याच्या मानाने. माणसांच्या मानाने ती सगळ्यात बोलकी बाजू. तिथे शेजाऱ्याचं भांडण ऐकू येतं आणि, या सिनेमात तर, भांडण अचानक थांबलेलंही ऐकू येतं. संशय तिथून सुरू होतो. कुत्रा मेल्यावर त्याची मालकीण गॅलरीतून सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडते की शेजारी म्हणजे काय हे तुम्हाला कुणाला कळतं का. सगळे खिडकीशी येतात. फक्त एक माणूस अंधारात बसून सिगारेट ओढत राहतो. शांत राहणारा तो एकटाच असतो, आणि गुन्हेगार तोच.

जाहिरातीतला ‘शांत’ मात्र नुसता खिडकीबद्दल नाही. तो शेजाऱ्यांबद्दल आहे, आणि शेजाऱ्यांबद्दल जाहिरातीत काही लिहायला इथे कायद्याने बंदी आहे. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, धर्म, मूळ देश यांवरून पसंती दाखवणारी जाहिरात छापणं बेकायदा ठरवलं. १९८८ साली मुलंबाळं असलेल्या कुटुंबांनाही त्यात संरक्षण मिळालं. आमच्या सोसायटीच्या गेटवरचं ‘फक्त फॅमिली’ इथे लिहिता येणार नाही आणि ‘मुलं नकोत’ही नाही. ‘शांत’ चालतं. म्हणून या शब्दावर इतका भार पडलाय. वस्तूचं वर्णन म्हणून लिहिलेलं विशेषण गुपचूप माणसांची अट होऊन बसतं.

आणि जॅक्सन हाइट्समध्ये हा भार कुठून आला तेही उघड आहे. एडवर्ड मॅकडुगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने १९०९ साली झालेल्या पुलापलीकडची ही शेतजमीन विकसित केली. १९१७ साली ट्रेन आली. इमारतींच्या मधोमध आख्ख्या ब्लॉकची बाग ठेवायची, सदनिका सहकारी तत्त्वावर मध्यमवर्गाला विकायच्या, आणि मॅनहॅटनला झटकन पोहोचता येतं असं सांगायचं. आजची जाहिरात वाचा: झाडांचा रस्ता, ट्रेन जवळ. शंभर वर्षांत मजकूर बदललेला नाही. त्या वेळी आणखी एक गोष्ट उघड होती. ज्यू आणि काळ्या लोकांना इथे घर मिळत नसे. कोण शेअर घेणार हे निवडता येणं हा सोयीचा भाग होता. शांतता पेरली ती अशी. पुढे १९६५च्या कायद्याने स्थलांतराचे नियम बदलले, दक्षिण आशियातली, लॅटिन अमेरिकेतली माणसं इथे आली आणि आज फ्रेडरिक वाइझमनचा तीन तासांहून लांब माहितीपट (‘इन जॅक्सन हाइट्स’, २०१५) पाहिलात तर पडद्यावर किती भाषा येऊन जातात याचा हिशेब राहत नाही. त्या आवाजाच्या मधोमध या बागा आहेत. बहुतेकींना कुलूप आहे. किल्ली शेअरसोबत मिळते.

हे सगळं परकं वाटत असेल तर वाटू देऊ नका. सहकारी गृहनिर्माण म्हटलं की आपल्याला ‘विना सहकार नाही उद्धार’ आठवतं, पण मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते ती १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी काढलेली, आपल्या ज्ञातीच्या लोकांसाठी. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीने सभासदत्व फक्त पारशांना ठेवण्याचा नियम केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली उचलून धरला. एकत्र राहायचं म्हणजे कुणाबरोबर नाही ते ठरवायचं, हे दोन्हीकडे सारखंच. गंमत अशी की न्यूयॉर्कमध्ये त्याच शब्दाची दुसरी शाखाही आहे. ब्रुकलिनमध्ये फिनलंडहून आलेल्या कामगारांनी १९१६ साली ‘अल्कू’ नावाची इमारत सहकाराने बांधली, ब्रॉन्क्समध्ये कापड कामगारांच्या युनियनने १९२७ साली. तिथे सहकार म्हणजे घरमालकाच्या तावडीतून सुटका होती. जाहिरातीत ‘को-ऑप’ हा एकच शब्द येतो. ती कुठल्या वंशावळीतली ते सांगत नाही.

कायद्यात मात्र एक फरक आहे आणि तो कळल्यापासून मी दोन-तीन मित्रांना फोन करून सांगितलाय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम २२. सोसायटीने सभासदत्व नाकारलं तर कारणासह कळवायला हवं. आणि अर्ज दिल्यापासून तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. कमिटी गप्प बसली तर होकार! न्यूयॉर्कच्या बोर्डांनी वर्षानुवर्षं उलट चालवलं. भेदभाव सिद्ध होत नसेल तर नकाराला कारण द्यायची गरज नाही. १९७९ साली माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना मॅनहॅटनमधल्या को-ऑपने परत पाठवलं, १९८५ साली सॅन रेमो इमारतीने मॅडोनाला. बोर्डाच्या निर्णयात कोर्टाने सहसा नाक खुपसू नये हे तत्त्व १९९० साली राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने मांडलं, तेही एका सभासदाच्या स्वयंपाकघरातल्या वाफेच्या पाइपवरून झालेल्या खटल्यात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यापेक्षा मोठमोठे पाइप गाजलेत, पण कायद्याच्या इतिहासात एकही गेला नाही.

असो. मी हे सगळं एवढ्या तपशिलात सांगतोय कारण मी ऑफर दिली आणि ती स्वीकारली गेली. करारावर सह्या झाल्या, दहा टक्के भरले. आणि मग कळलं की जाहिरात वाचण्याचा टप्पा संपला, आता लिहिण्याची पाळी माझी आहे.

बोर्डासमोर अर्ज करताना एक जाडजूड फाइल द्यावी लागते. टॅक्सचे कागद, बँकेचे कागद, पगाराच्या स्लिपा, नोकरी देणाऱ्याचं पत्र. मी एच-वन-बीवर आहे, त्याची तारीख कागदावर छापलेली असते आणि माझ्या कर्जाची तारीख त्याच्या कितीतरी पुढे जाते. हे दोन आकडे बोर्डाची माणसं शेजारी-शेजारी ठेवून बघणार. त्यावर मला काही लिहिता येत नाही. लिहिता येतं ते शिफारसपत्रांत, म्हणजे ओळखीच्यांनी मी शेजारी म्हणून कसा आहे ते सांगायचं. माझा रूममेट लातूरचा. त्याने चार वर्षं माझ्याबरोबर जर्सी सिटीत काढली आहेत. तो म्हणाला, तूच लिही, मी सही करतो. मी लिहायला बसलो. पहिलं वाक्य आपोआप आलं: ‘तो शांत आहे.’ दुसरं: ‘नीटनेटका, जबाबदार.’ तिसऱ्या वाक्याला मला आमच्या ताईचा लग्नाचा बायोडेटा आठवला. मनमिळाऊ, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष. काका तो वाचून म्हणाले होते, ही कोण मुलगी, आमच्या घरात तर राहत नाही. मी स्वतःसाठी तेच लिहीत होतो. खोली विकण्यासाठी लिहिलेली विशेषणं आणि खोली मिळवण्यासाठी लिहिलेली विशेषणं एकाच डब्यातून येतात, हे मला आठ महिन्यांच्या वाचनात दिसलं नव्हतं.

आणि मी शांत नाही. मी हार्मोनियम वाजवतो. इमारतीच्या नियमावलीत लिहिलंय, रात्री ११ ते सकाळी ८ वाद्य नाही, आणि ८० टक्के जमिनीवर गालिचा हवा, म्हणजे खालच्याला पावलं ऐकू जाणार नाहीत. नियम वाजवीच आहेत. पण मला वाजवायला वेळ मिळतो तो रात्री साडेअकराला, जेव्हा तिकडे सकाळ असते आणि आई फोन समोर ठेवून भाजी निवडत ऐकते. पत्रात हार्मोनियम लिहायची की नाही यावर रूममेटचं आणि माझं दोन दिवस चाललं. त्याचं म्हणणं, विचारलं नाही ते कशाला सांगायचं, जाहिरातीत तरी विमान सांगितलं होतं का? यावर मला उत्तर सुचलं नाही. हार्मोनियम गेली नाही.

या जाहिरातीचं मूल्यमापन करायचं तर मी तिला चांगल्यांत धरीन, आणि ते शेवटच्या वाक्यामुळे. एप्रिलमध्ये मॅग्नोलिया फुलतो. त्यात विशेषण नाही. विकणाऱ्या कुणालाही ते सुचलं नसतं, कारण दलालाने ते घर एप्रिलमध्ये पाहिलेलंच नव्हतं, मी विचारलं. कुणीतरी त्याला सांगितलं असणार. भाच्यांनी, किंवा सुपरने, किंवा त्या बाईंनीच कधीतरी कुणाला. दोनशे जाहिरातींत असं वाक्य मला तीन-चार वेळा सापडलं असेल. बाकी सगळा मजकूर कुठल्याही खोलीला चिकटवता येतो, हे एकच वाक्य त्या खिडकीतून उठवता येत नाही. चुकीच्या सावलीचा सोफा आणि हे वाक्य एकाच पानावर आहेत, एवढीच तक्रार.

घर पाहिलं त्या दिवशी मी आईला तिथूनच व्हिडिओ कॉल केला होता. खोली फिरवून दाखवली, बाग दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘अरे, आवाज बंद आहे का तुझा? काही ऐकूच येत नाहीये.’ म्हटलं, आवाज चालू आहे, इथे शांत आहे. ‘शेजारी कोण राहतं?’ म्हटलं, माहीत नाही. ‘विचारून घे की.’ तेवढ्यात विमान आलं, आणि तिला बरं वाटलं असावं, कारण ती म्हणाली, हां, आता आलं ऐकू.

अर्ज देऊन सात आठवडे झाले. बोर्ड मुलाखतीला बोलावेल किंवा नाही बोलावणार. दलाल म्हणतो, अजून काही कळलेलं नाही. जाहिरात अजून साइटवर आहे, वर फक्त ‘करार झाला’ अशी पट्टी आलीय. काल रात्री पुन्हा उघडली. कुणीतरी शेवटचं वाक्य काढून टाकलंय.